एकाच रजिस्टरातून तीन प्रबंध

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गरोदरपणी पोटातल्या बाळाची हालचाल कमी झाली तर काय करावं, यावरचं आपल्या आरोग्य पुरवणीतलं टिपण वाचलं. सल्ला योग्य आहे. शेवटी मात्र ‘या विषयावरच्या संशोधनांचा मेळ बसत नाही’ असं एक वाक्य आहे. तो का बसत नाही हे मी जवळून पाहिलं आहे, म्हणून हे पत्र. इंदूरच्या एका रुग्णालयात मी 31 वर्षं लेबर रूमची सिस्टर होते.

“सिस्टर, बच्चा घूम नहीं रहा” म्हणत बाई यायची. बहुतेक वेळा घरी तिला गोड पाजून, डाव्या कुशीवर निजवून झालेलं असे. ‘शेवटच्या महिन्यात बाळ कमीच हलतं’ असंही कुणीतरी समजावलेलं असे. (हे साफ चूक आहे. शेवटपर्यंत बाळ हललंच पाहिजे.) आम्ही ठोके ऐकायचो, एनएसटी (बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढणारी तपासणी) लावायचो. रजिस्टरात तक्रारीच्या रकान्यात कुणी ‘हालचाल कमी’ लिही, कुणी नुसतंच ‘पोटात दुखतं’. शेवटच्या रकान्यात वजन आणि अपगार, म्हणजे जन्मल्याबरोबर बाळाच्या तब्येतीला दिलेले दहापैकी गुण. नाहीतर लाल शाईने ‘एफएसबी’ किंवा ‘एमएसबी’. पहिलं म्हणजे नुकतंच गेलेलं बाळ, दुसरं म्हणजे पोटातच जाऊन वेळ झालेलं.

प्रबंधासाठी पीजीची मुलं हेच रजिस्टर मागायला येत. माझ्यादेखत तिघांनी याच विषयावर काम केलं. एकीने सिझेरियन किती झाली ते मोजलं. दुसऱ्याने पाचव्या मिनिटाला अपगार सातच्या खाली किती जणांचा, ते. तिसरीने अडीच किलोच्या आतली बाळं. तिघंही रात्र-रात्र जागून पानं उलटत, त्यांच्या कष्टांबद्दल मला बोलायचं नाही. पण तिघांचे आकडे जोडून एक गोष्ट कळावी, तर ते जोडताच येत नाहीत.

मोठ्या देशांतही तेच. 2018 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटन-आयर्लंडचा ‘अफर्म’ अभ्यास आला. हालचाल कमी वाटली तर लगेच या, असं बायकांना सांगून त्यांची ठरावीक पद्धतीने तपासणी केली, तर काय फरक पडतो ते त्यात पाहिलं. 33 रुग्णालयांतली चार लाखांवर गर्भारपणं होती. मृतजन्म हजारी 4.40 वरून 4.06 वर आले, पण एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. सिझेरियन मात्र वाढली. तिथे मृतजन्म 24 आठवड्यांपासून धरले, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अभ्यासाने 28 पासून. स्वीडनने सुमारे 40 हजार बायकांचा अभ्यास केला, त्यात मुख्य परिणाम धरला अपगार. आता यांची तुलना करायची कशी?

याला उपाय निघालेला आहे. 2014 साली स्त्रीआरोग्याच्या नियतकालिकांच्या संपादकांनी मिळून ‘क्राउन’ हा उपक्रम सुरू केला. एका विषयावरच्या प्रत्येक अभ्यासाने काही ठरावीक परिणाम मोजायचेच, वर आणखी काय हवं ते मोजा, असं त्याचं सूत्र. अशी यादी करताना डॉक्टरांबरोबर त्यातून गेलेल्या आईबापांनाही विचारायचं असतं. मला हेच सगळ्यात पटतं.

कारण सांवेरकडची एक बाई मी विसरू शकत नाही. हालचाल थांबून दुसरा दिवस उजाडल्यावर ती आली. ठोके नव्हते. रजिस्टरात मीच ‘एमएसबी’ लिहिलं. ती रडली नाही, पदराचं टोक बोटाला गुंडाळत एवढंच विचारत राहिली, “कल आ जाती तो?” तिला पहिल्यांदा शंका कधी आली, निघायला किती तास गेले, वाट का पाहिली, यातलं काही लिहायला आमच्याकडे रकानाच नव्हता. तिच्या मनाचं पुढे काय झालं, तेही कुठे नोंदलं गेलं नाही.

इंदूरमधल्या प्रबंध-मार्गदर्शकांना माझी विनंती आहे. या विषयावरच्या प्रत्येक प्रबंधात बाळ जगलं की गेलं आणि कितव्या आठवड्यात, कळा आणवल्या की सिझेरियन केलं, बाळाला नवजात कक्षात ठेवावं लागलं का, आणि आई किती वेळाने आली, एवढं तरी सगळ्यांनी एकाच व्याख्येने लिहावं. आईची काळजी, तिची भीती यांनाही त्यात जागा द्यावी.

जुन्या रजिस्टरांतलं अक्षर लागत नसेल, तर वाचून द्यायला मी येईन. लाल शाईतल्या पुष्कळ नोंदी माझ्याच हातच्या आहेत.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
रामबाग, इंदूर