शेअरिंग बंद केलंस ते

चि. प्राजूस,
अनेक आशीर्वाद.

परवाच्या रात्रीबद्दल लिहायचं नाही, असं ठरवून बसले आहे. तू चिडलीस ते बरोबरच. पावणेतीनला आईचा फोन, तोही वॉर्डात, शेजारी सर उभे. पण माझ्या मोबाइलवर तुझ्या दंडावरच्या साखरेच्या सेन्सरचा आकडा ५८ आणि बाण खाली, म्हणजे साखर कमी आणि आणखी उतरतेय. मी काय करायचं होतं? सकाळी पाहते तर तू शेअरिंगच बंद केलेलं. असो.

तात्या विचारत होते, एमबीबीएस झालं, एमडी झालं, आता चंदीगडला आणखी तीन वर्षं कसली? म्हटलं, डीएम, लहान मुलांच्या हार्मोन्सचं, देशात जागाच मोजक्या. त्यांच्या डोक्यात अजून ती लाकडी मण्यांची माळच आहे. दिवाळीत तुझ्या बॅगेतून निघाली, आक्कांनी जपमाळ म्हणून डोळ्यांना लावली, आणि तू खुशाल सांगितलंस की मुलगा वयात येतोय का ते त्याच्या अंडकोषांचा आकार या बारा मण्यांशी ताडून बघतात! आक्का दोन दिवस तुझ्याशी बोलल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात फोनवर किती भरभरून बोलत होतीस. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घ्यायचे, थायरॉइड कमी निघालं तर पहिल्या पंधरा दिवसांतच गोळी कुस्करून आईच्या दुधातून चमच्याने द्यायची, नाहीतर मेंदूची वाढ खुंटते. मी गप्प झाले तेव्हा तुला वाटलं, रेंज गेली. मी अंगणवाडीत तेवीस वर्षं वजनं-उंच्या भरल्या गं. उंची अडलेल्या पोरीच्या आईला "तुमच्यावरच गेलीय" म्हणून किती वेळा परत पाठवलं असेल मी.

तुझ्या वेळीही तेच. सात वर्षांची होतीस. रात्रीतून चारदा लघवीला उठायचीस, तांब्यावर तांब्या पाणी प्यायचीस. मोरीत मुंग्यांची रांग लागायची, मी हळद टाकत राहिले. तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी जंताचं औषध दिलं, मग धाप लागली तेव्हा न्यूमोनिया म्हणून ग्लुकोजचं सलाईन लावलं. साखरेत बुडालेल्या पोरीला ग्लुकोज! सोलापूरच्या डॉक्टरबाईंनी बोटातून थेंबभर रक्त घेतलं. मशीनवर आकडाच नाही, नुसतं 'हाय', म्हणजे साखर मोजता येणार नाही इतकी जास्त. मला वाटलं, मशीनसुद्धा हाय खातंय.

म्हणून सांगते, मोठं शिकशील ते शीक, पण तिथे तुझ्या हाताखाली येणाऱ्या पोरांना आधी एवढं शिकव, की तहानलेलं, वाळलेलं, धापा टाकणारं मूल आलं की पहिल्यांदा साखर बघा. एका पट्टीचं काम. ही पोरं उद्या तालुक्यालाच बसणार आहेत. आणि आईबापांना घाईघाईत सांगू नका. बाईंनी माझ्याकडून तीन दिवस संत्र्याला सुई टोचून घेतली, आणि घरी फ्रिज नाही म्हटल्यावर ओल्या वाळूत डेरा पुरून त्यात इन्सुलिन कसं ठेवायचं ते शिकवलं. तुझ्या पुस्तकात डेरा आहे का?

बघ, लागले शिकवायला. सातवी शिकलेली बाई डीएमवालीला शिकवतेय. राग मानू नकोस.

तू म्हणालीस, "आई, मी रोज पन्नास मुलांच्या साखरा बघते, मला माझी कळत नाही का?" कळते. पण दुसऱ्याचं मूल सिरिअस असलं की तू स्वतःला विसरतेस, हे मी एमडीच्या वेळी बघितलंय. नाइट असेल त्या दिवसापुरतं तरी शेअरिंग चालू ठेव. मी फोन करणार नाही. नुसती बघेन. फार तर एक मेसेज.

तुझी,
आई

ता. क. तात्यांच्या हाती डबा पाठवतेय. शेंगाचटणी, कडक भाकरी सगळ्यांना वाट. कप्प्यातल्या लिमलेटच्या गोळ्या ॲप्रनच्या खिशात ठेवायच्या, त्या वाटायच्या नाहीत.