सोडून जायचं, पण कुठे?

चि. अनिकेत यास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर ‘द डचेस’चा, म्हणजे अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या जॉर्जियाना नावाच्या सरदारपत्नीवरच्या त्या सिनेमाचा, विषय निघाला तेव्हा तू पटकन म्हणालास, "एवढं होतं तर सोडून जायचं ना त्या नवऱ्याला!" बाबांनीही मागून री ओढली.

जायचं कुठे आणि कशाच्या जोरावर? या सिनेमांत आपण झुंबरं आणि पिसांच्या टोप्या बघत बसतो. नवरा असा मख्ख दाखवतात की वाटावं, बिचारीच्या नशिबी माणूस वाईट आला. पण माणूस भला असता तरी कायदा तोच होता. लग्न झालं की मिळकत नवऱ्याची, मुलंही नवऱ्याची.

जॉर्जियाना खरीच होऊन गेली. १७७४ साली लग्न झालं तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची. साधीभोळी नव्हती, जुगारात पैसाही उधळला. १७८४ च्या निवडणुकीत फॉक्स या पुढाऱ्यासाठी लंडनभर मतं मागत फिरली, पण स्वतःला मत नाही!

नवऱ्याला, म्हणजे ड्यूकला, तिच्याच मैत्रिणीपासून दोन मुलं झाली, ती मैत्रीण यांच्याच घरात राहायची. त्याला कोणी जाब विचारला नाही. जॉर्जियानाला तिच्या प्रियकरापासून, चार्ल्स ग्रे या राजकारण्यापासून, दिवस गेले, तेव्हा मात्र तिची परदेशी रवानगी झाली. धाकटा मुलगा दीड वर्षाचा, तो मागे इंग्लंडातच. १७९२ साली फ्रान्समध्ये मुलगी झाली, ती ग्रेच्या आईवडिलांच्या हवाली केली. ग्रेला सोडणार नाही म्हणून अडून बसली असती तर आधीची तिन्ही मुलं तुटली असती. आईला मुलांच्या ताब्यासाठी नुसता अर्ज करता येऊ लागला तो १८३९ साली, तोही सात वर्षांखालच्या मुलांसाठी. त्यातही व्यभिचार सिद्ध झालेल्या आईला वगळूनच.

हेच विलायती कायदे आपल्याकडेही आले बरं का. १८८७ साली मुंबईच्या हायकोर्टाने रखमाबाईंना सुनावलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. खुद्द इंग्लंडने ही तुरुंगाची शिक्षा १८८४ मध्येच काढून टाकली होती!

ग्रेचं काय झालं म्हणशील, तर तो १८३० साली पंतप्रधान झाला. तू ऑफिसात पितोस तो अर्ल ग्रे चहा त्याच्याच नावाचा. बाबा म्हणतात, निदान चहाला तरी नावं ठेवू नकोस. बरं, नाही ठेवत.

तुझी,
आई