लहान मुलांच्या कॅन्सरची लक्षणं घरोघरी पोचवायचीत, मदत हवी आहे

सर्व सभासद, हितचिंतक आणि आजवर ज्यांनी ज्यांनी मंडळाला हात दिलाय त्या सगळ्यांना नमस्कार.

सप्टेंबर तोंडावर आलाय. सप्टेंबर म्हणजे लहान मुलांच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना, सोनेरी रिबीनवाला. गेली काही वर्षं आपण या महिन्यात शाळा, बालवाड्या, वस्त्या फिरून आईबापांना लक्षणं समजावून सांगतो, पण यंदा खात्यात जे शिल्लक आहे त्यात पत्रकंसुद्धा धड छापून होणार नाहीत. म्हणून कार्यकारिणीत ठरलं की सगळ्यांपुढे स्पष्ट मांडायचं.

आधी ज्यांच्यामुळे इथवर आलो त्यांच्याबद्दल बोलू द्या, नाहीतर ते दरवेळी राहूनच जातं. आपले डॉक्टर काका, रिटायर झाल्यावर लोक आराम करतात, यांनी घरी बसून लक्षणांची चित्रं स्वतः काढली, कारण त्यांचं म्हणणं की ज्या आईला वाचता येत नाही तिलाच याची जास्त गरज आहे. प्रेसवाल्या दादांनी छपाईची मजुरी कधी घेतली नाही, कागदाचे पैसेसुद्धा "सवडीने द्या" म्हणत लांबवले. मुख्याध्यापक बाई नसत्या तर एकाही शाळेने पालकसभेत आपल्याला दहा मिनिटं दिली नसती. आणि एक आजीआजोबा दरवर्षी न चुकता पाकीट आणून टेबलावर ठेवतात आणि पावतीवर नाव घालू नका म्हणतात. त्यांचा नातू का गेला आणि किती उशिरा कळलं हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, मी जास्त लिहीत नाही. ज्या बाबांची मुलगी ल्युकेमियातून, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमधून, बरी झाली ते आता प्रत्येक शिबिरात उभे राहून बोलतात, पहिल्यांदा त्यांना दोन वाक्यांपुढे जाता आलं नव्हतं, आता लोकांचे प्रश्न संपेपर्यंत थांबतात.

आणि बालवाडीच्या ताई! आपलं पोस्टर त्यांच्या दारामागे लावलेलं होतं, त्यात लिहिलंय की फ्लॅशने काढलेल्या फोटोत डोळ्याची बाहुली लाल दिसण्याऐवजी पांढरी चमकली तर डोळे तपासून घ्या. त्यांनी स्नेहसंमेलनाचे फोटो बघितले तर एका मुलीचा एकच डोळा पांढरा. आई म्हणाली फोटोचा दोष असेल, ताईंनी तिथेच वेगवेगळ्या बाजूंनी परत फोटो काढले, परत तेच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रेटिनोब्लास्टोमा सांगितला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर, बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होणारा. वेळेत ट्रीटमेंट मिळाली, मुलगी आज शाळेत जाते. एका पोस्टरने हे होतं हो.

म्हणूनच गेल्या वर्षीचं मनाला लागलंय, लिहायचं नव्हतं पण लिहिते. हॉल घेतला, मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टर मॅडम सुट्टीचा दिवस मोडून आल्या आणि निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. तोच हॉल गाण्याच्या कार्यक्रमाला उभं राहायला जागा नाही इतका भरतो. "असला अशुभ विषय मुलांच्या बाबतीत कशाला", "आमच्याकडे कुणाला तसलं काही नाही", अशी उत्तरं आपल्याच माणसांकडून आली. नंतर काही महिन्यांनी एक कुटुंब आलं, मुलगा रात्री पाय दुखतात म्हणून रडत उठायचा, घरचे वाढीचं दुखणं समजून तेल चोळत होते, चेहरा पांढरा पडत गेला, अंगावर न लागता काळेनिळे डाग यायला लागले तेव्हा कुठे रक्त तपासलं. आपलं पत्रक त्यांच्या घरात होतं, घडी न उघडलेलं. मुलाची ट्रीटमेंट चालू आहे, पण ते आठवडे परत मिळणार नाहीत.

जे आले नाहीत त्यांच्यासाठी इथेच लिहिते, वाचा आणि पुढे सांगा. ताप जातच नाही किंवा पुन्हा पुन्हा येतो, मूल पांढरं पडतंय, खेळता खेळता थकून बसतंय, नाकातून हिरड्यांतून रक्त, हाडं दुखणं, कारण नसताना लंगडणं. मानेत काखेत गाठ, विशेषतः न दुखणारी आणि वाढत जाणारी. अंघोळ घालताना साबणाच्या हाताला पोटात एका बाजूला टणक लागणं, हे बऱ्याचदा आईलाच पहिल्यांदा कळतं, आणि अशी गाठ घरात सगळ्यांनी दाबून बघू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखणं आणि उलटी, तोल जाणं, अचानक तिरळं बघायला लागणं, नीट चालणारं मूल अडखळायला लागणं. यातलं बरंचसं साध्या आजारातही होतं, त्यामुळे घाबरून जायचं नाही, पण दोन आठवड्यांत कमी होत नसेल किंवा वाढत असेल तर "बघू अजून थोडे दिवस" म्हणायचं नाही. साध्या सीबीसीपासून (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) आणि स्मिअरपासून (रक्ताचा थेंब काचेवर पसरून बघणं) सुरुवात होते. अजून एक, निदान झालेलं नसताना स्वतःच्या मनाने स्टेरॉइड देऊ नका, गाठ आणि ताप तात्पुरते उतरतात आणि ल्युकेमिया किंवा लिम्फोमा (गाठींचा कॅन्सर) असेल तर तो झाकला जातो, डॉक्टर काका हे प्रत्येक वेळी सांगतात.

आणि हे कुणाचं पाप नाही, आईच्या खाण्यापिण्याचा दोष नाही, एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. मोठ्यांच्या कॅन्सरसारखं व्यसनं टाळून टळेल किंवा सगळ्यांची तपासणी करून आधीच सापडेल असंही नाही, त्यामुळे लवकर ओळखणं हेच आपल्या हातात. १९४८ साली बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी औषधाने मुलांचा ल्युकेमिया काही काळ तरी मागे हटतो हे दाखवलं तेव्हा तेवढंही मोठं होतं, आज श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात. कमी उत्पन्नाच्या कित्येक देशांत मात्र ३० टक्केही नाहीत. उशिरा निदान, चुकीचं निदान, ट्रीटमेंट मध्येच सुटणं, औषधं न मिळणं ही त्याची कारणं. जगात वर्षाला साधारण ४ लाख मुलांना आणि किशोरवयीनांना हा आजार होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठरवलंय की २०३० पर्यंत जगभर कॅन्सर झालेली किमान ६० टक्के मुलं वाचली पाहिजेत. २०३० काही लांब नाही.

आता काय हवंय ते पटापट. पत्रकं आणि खिशात मावणारी चित्रांची कार्डं छापायला पैसे, जेवढे जमतील तेवढे, रक्कम लहान म्हणून संकोच करू नका. तपासणीला मोठ्या हॉस्पिटलला जाणाऱ्या कुटुंबांच्या प्रवासासाठी वेगळा निधी करतोय, त्यात द्यायचं असेल तर तसं लिहून द्या. वस्तीत फिरायला माणसं, संध्याकाळी दोन तास, बायका जास्त आल्या तर बरं कारण घरात आत जाता येतं. प्रोजेक्टर कुणाचा मिळेल का, आपला बंद पडलाय. गाडी असेल तर रविवारी. चेक मंडळाच्या नावाने, रोख फक्त खजिनदारांकडे, पावती घेतल्याशिवाय कुणाकडेही पैसे देऊ नका. डॉक्टर मॅडम याही वर्षी यायला तयार आहेत, त्यांनी गेल्या वर्षीबद्दल एक शब्द काढला नाही, तेव्हा कृपा करून या, येताना शेजाऱ्यांना आणा, लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी बाजूच्या खोलीत सोय आहे. मजकूर गुरुवारी प्रेसला जातोय, कार्डं किती छापायची ते जमलेल्या पैशांवरून ठरेल, म्हणून बुधवारी रात्रीपर्यंत मला किंवा खजिनदारांना कळवा, फोन लागला नाही तर मेसेज टाका.

आपली,
सचिव