कपाशी फवारणारे सभासद: रविवारी सकाळी ८ वाजता प्रात्यक्षिक

सर्वांनी गोदामामागच्या शेडमध्ये आपापला पंप घेऊन यावं. आधी साधं पाणी भरून गळती बघू. पाठ ओली होते ती बहुतेक वेळा झाकणाच्या झिजलेल्या वॉशरमुळे. ओल्या सदऱ्यातलं औषध दिवसभर कातडीतून अंगात मुरतं, म्हणून वॉशर बदलल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. त्या हंगामात कपाशी खूप उंच वाढली होती. झाड छातीच्या वर गेलं की फवारा थेट तोंडावर येतो. अशा शेतात वारा पाठीवर घ्या, फवारलेल्या ओळीत पुन्हा शिरू नका. तोंडाला बांधलेलं फडकं मास्क नव्हे. ते भिजलं की औषध नाकाशीच धरून ठेवतं.

डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. दोन-तीन औषधं मनाने एकत्र करू नका. काठीने ढवळा. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका, ब्रश वापरा. हातमोजे हातात असतानाच साबणाने धुवा, मग काढा. तंबाखू मळायची तर त्याआधी हात पुन्हा धुवायचे, ही आमची कळकळीची विनंती.

घाम, लाळ, अंधुक दिसणं, मळमळ सुरू झाली की काम थांबवा. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा. उलटी करवू नका. औषधाचा डबा सोबत न्या. डॉक्टरांना उपचार ठरवताना तो लागतो.

मालकाने हातमोजे, चष्मा, मास्क दिला नाही तर फवारणीला जाऊ नका, गटाला कळवा.