पेन्सिलीच्या फुल्या

अमळनेर
रविवार, रात्री

चि. अश्विनीस अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास की रेंज गेली, कळलं नाही. आई म्हणते रेंज गेली. तसंच असेल. पण "अप्पा, तुम्हाला सगळीकडे थकबाकीदारच दिसतात," एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं. चौतीस वर्षं सहकार खात्याचे कागद चाळलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार? फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलो.

खरं तर आधी आनंद लिहायचा होता. तू कायम झालीस. जिजीने गल्लीभर पेढे वाटले आणि '३८,६०० मूळ वेतन' हे शब्द तिला आता हरिपाठासारखे पाठ झालेत. तीन वर्षं १८,००० च्या मानधनावर शिक्षण सेवक म्हणून काढलीस, एकदाही पैसे मागितले नाहीस. हे सगळं नीट लिहिणार होतो. पण डोक्यात एकच घोळतंय. तुझ्या शाळेचे मालक दादासाहेब, त्यांच्या पतसंस्थेतून कर्ज काढणाऱ्या त्यांच्या भाच्याला जामीनदार म्हणून सही केलीस का?

तू म्हणालीस, पाच लाखांचं तर कर्ज, जामीनदाराची सही म्हणजे नुसती औपचारिकता. मग तो फॉर्म समोर घे. रक्कम, व्याजदर आणि मुदत या जागा बहुतेक कोऱ्या असतील. सही कुठे करायची तिथे क्लार्कने पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतील. माणूस मजकूर वाचत नाही, फुली शोधत पानं उलटतो. तू उलट कर. फुली सोड, तिच्या वरच्या चार ओळी वाच.

पहिली फुली सभासदत्वाच्या अर्जावर. 'आता तुम्ही संस्थेच्या मालक' असं हसून सांगतील. सभासद करून घेण्याचं खरं कारण पुढच्या कागदावर असतं, पगारकपातीच्या हमीपत्रावर. सभासदाने ते लिहून दिलं की सहकार कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे संस्थेने मागणी केल्यावर पगार देणाऱ्याला कपात करावीच लागते. तिसरी फुली जामीनपत्रावर. त्यात बारीक अक्षरात 'कर्जाची मुदत वाढवल्यास वा अटी बदलल्यास माझी हरकत राहणार नाही' अशा अर्थाचं एक वाक्य असतं. एरवी तुला न विचारता अटी बदलल्या तर कायदा जामीनदाराला मोकळं करतो. त्या एका वाक्याने ती सुटकेची वाट तू स्वतःच बुजवतेस. चौथी वचनचिठ्ठीवर, रेव्हेन्यू तिकिटावर आडवी. आणि शेवटी दोन-तीन कोरे चेक. चेक वटला नाही तर कलम १३८ ची फौजदारी केस जामीनदारावरही होते, हे तो क्लार्क सांगणार नाही. बिचाऱ्याला बहुधा माहीतही नसेल.

आता तुझं दुसरं म्हणणं. "आधी त्याची जमीन विकतील ना!" विकणार नाहीत, बेटा. १८७२ चा करार कायदा, कलम १२८: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी त्याच्याकडे जा, मग हिच्याकडे या, असा क्रम त्यात नाही. वसुली अधिकारीही माणूसच असतो, सोपं ते आधी करतो. कर्जदाराच्या सात-बारावर विकासोचा, म्हणजे गावच्या सहकारी सोसायटीचा बोजा, चार भावांची नावं, बहिणींचे हक्क. लिलाव पुकारला तरी गावातल्या गावात बोली लावायला कोण येतं? शिक्षिकेचा पगार मात्र दरमहा बँकेत जमा होतो, त्याला ना बोजा ना भाऊबंद.

"दोन जामीनदार आहेत, अर्धं-अर्धं होईल." तेही नाही. पूर्ण रक्कम कुणाही एकाकडून घेता येते. मग तू तुझ्या सहशिक्षकाकडे त्याचा वाटा मागत फिरायचं, त्याने दिला नाही तर तू वेगळा दावा लावायचा.

आकडेच सांगतो. पाच लाख, १५ टक्के, पाच वर्षं: हप्ता सुमारे ११,९०० रुपये. भाचेसाहेबांनी सुरुवातीपासूनच हप्ते थकवले, दंडव्याज धरून १७ टक्के लागले आणि वर्षाअखेर व्याज मुद्दलात मिळत गेलं, तर चार वर्षांत ९ लाख ३६ हजारांच्या वर. कोर्टाची पायरी चढायचं कारणच नाही. सहाय्यक निबंधकाकडे कलम १०१ चा अर्ज, नोटीस, सुनावणी आणि वसुली दाखला. नोटीस येते तेव्हा लोक म्हणतात, दादासाहेब बघून घेतील, आणि तारखेला जात नाहीत. दाखला निघाला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. त्याविरुद्ध वर दाद मागायची तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. सुमनआत्याच्या घराला कुलूप का आहे, ते तुला ठाऊक आहे.

मधली काही वर्षं कुणाला काही कळतही नाही, कारण नवं-जुनं होतं. मार्च आला की जुनं कर्ज कागदावर फेडलेलं, त्याच दिवशी नवं उचललेलं. अहवालात थकबाकी शून्य, ऑडिट वर्ग 'अ', सप्टेंबरच्या वार्षिक सभेत टाळ्या आणि मसालेभात. बापूसुद्धा विकासोत दरवर्षी हेच करतो, आठ दिवसांसाठी बाहेरून पैसे उचलून. शून्य टक्क्याचं पीककर्ज शून्य टक्क्याचं राहावं म्हणून त्या आठ दिवसांना किती टक्के देतो, ते विचारलं की चिडतो. संस्थांचंही तेच चालतं, फक्त त्यांना अहवाल छापता येतो.

बघ, झालंच शेवटी व्याख्यान. आई आत्ताच डोकावून म्हणाली, पोरीला पत्र लिहिताय की ऑडिट रिपोर्ट. माफ कर. तुला अक्कल नाही असं मला म्हणायचं नाही. उलट आहे हे मला चांगलं माहीत आहे. सखाराम महाराजांच्या यात्रेत, बोरीच्या पात्रात, रिंग टाकायचा स्टॉल होता. सगळी पोरं पैसे घालवत होती. तू तिसरीत. त्या माणसाला म्हणालीस, "काका, आधी तुम्ही रिंग हाताने घड्याळावर बसवून दाखवा." त्याची बसेना. हिरव्या फ्रॉकातली तू आणि तो ओशाळलेला माणूस अजून डोळ्यांसमोर आहेत. तीच पोर आता म्हणते, "अप्पा, संस्था आपली आहे."

'आपली' या शब्दाचीच मला धास्ती वाटते. तुझी शाळा त्यांची, पतसंस्था त्यांची, जिनिंग त्यांचं, बाजार समितीत माणसं त्यांची. पगारबिलात कपात टाकणारे मुख्याध्यापक त्यांचे, कपात घेणारी तिजोरी त्यांची, कर्ज उचलणारा भाचा त्यांचा. या सगळ्यात बाहेरची फक्त तू. दादासाहेब वाईट आहेत असं मी म्हणत नाही. तुझ्या बाळंतपणात गाडी पाठवली, ते मी विसरलेलो नाही. पण त्या गाडीची परतफेड जामीनपत्राने होत नसते. उद्या निवडणुकीत घरोघरी चिठ्ठ्या वाटायला बोलावलं, पटावर मुलं जास्त दाखवायला सांगितलं, तर तुझं 'नाही' ओठांवर येण्याआधी ते पाच लाख आठवतील. कुणी धमकी द्यायचीही गरज पडणार नाही.

१८७५ ला सुप्याच्या लोकांनी सावकारांच्या घरांतून रोखे काढून जाळले. त्यांना कळलं होतं की आपण कागदात अडकलोय. सावकारातून सोडवायचं म्हणून १९०४ ला सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. तोच सहकार आता सही मागायला तुझ्या स्टाफरूममध्ये येतोय. असो. हे पुन्हा व्याख्यान.

जिजीची ठेव त्या पतसंस्थेत ठेवायचं तेवढं मनातून काढून टाक. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. पाटीवर 'पतसंस्था' लिहिलंय ना, मग ती बँक नव्हे. विषय संपला.

नाही कसं म्हणायचं, हाच तुझा खरा प्रश्न आहे ना? माझं नाव बिनधास्त घाल. "आमचे अप्पा फार हट्टी आहेत, घरात भांडण होईल," एवढंच म्हण, जास्त कारणं देऊ नकोस. प्रत्येक कारणावर त्यांच्याकडे तोडगा असतो. आणि एक लक्षात ठेव. तीन वर्षं तुला 'नाही' म्हणता येत नव्हतं, आता येतं. १९७७ च्या कायद्याप्रमाणे कायम शिक्षकाला चौकशी केल्याशिवाय काढता येत नाही, काढलंच तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. फार तर लांबच्या शाखेत बदली करतील, गोपनीय अहवालात काहीतरी खरडतील. त्याची भीती मलाही वाटते, खोटं कशाला सांगू? रात्री झोप लागत नाही ती त्याच विचाराने. तरीही.

आणि सही केलीच असेल तर तारीख सांग. मी रागावणार नाही. कर्जाची रक्कम अजून उचलली नसेल तर जामीन मागे घेतल्याचं पत्र लगेच दे. दोन प्रती ने, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नकोस. घेत नाहीत म्हणाले तर पोस्टाने पोचपावतीसह पाठव, एक प्रत सहाय्यक निबंधकाला. कोरे चेक परत माग, नाही दिले तर नंबर लिहून बँकेला लेखी कळव. रक्कम उचलली गेली असेल तर सह्या केलेल्या सगळ्या कागदांच्या झेरॉक्स माग आणि दर तीन महिन्यांनी कर्जखात्याचा उतारा लेखी अर्ज करून घे. पहिला हप्ता चुकला त्याच आठवड्यात मला कळायला हवं, चौथ्या वर्षी नव्हे.

बुधवारी बापूचा मुलगा तिकडे येतोय. त्याच्याबरोबर बिबडे, दादर ज्वारीचं पीठ आणि छोटीसाठी झबलं पाठवतोय. बिबडे या वेळी जरा जाड झालेत, आईला तसं बोलू नकोस. जिजी रोज विचारते, "आशू कव्हय येई?" जावईबापूंना नमस्कार सांग. त्यांच्याशी हे बोललीस का, तेही कळव.

फॉर्मचा फोटो आजच पाठव, दोन्ही बाजूंचा. पेन्सिलीच्या फुल्या दिसतील इतका जवळून काढ.

तुझा
अप्पा