चंद्रोदयाची वेळ आणि समोरची इमारत

लातूर

चि. सायली हिस,
अप्पांचे अनेक आशीर्वाद.

परवाच्या संकष्टीला तू आईशी फोनवर जो वाद घातलास, तो फोनवर मिटण्यासारखा नव्हता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. तुझे म्हणणे असे, की दिनदर्शिकेत पुण्याचा चंद्रोदय नऊ वाजून गेल्यावर लगेच दिला होता, आईने त्याच्याही आधी इकडे चंद्राला अर्घ्य देऊन उपवास सोडला, आणि तू साडेदहापर्यंत गॅलरीत उभी राहूनही तुला चंद्र दिसला नाही; म्हणजे एकतर दिनदर्शिका चुकली किंवा आईने घाई केली. यातले काहीच झालेले नाही.

लातूर पुण्याच्या पूर्वेला सुमारे पावणेतीन अंश रेखांशावर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून सूर्य काय किंवा चंद्र काय, आपल्याकडे पुण्याच्या दहा-अकरा मिनिटे आधी उगवतो आणि मुंबईच्या तर पाव तास आधी. घड्याळ मात्र साऱ्या देशाचे एकच, ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेले, त्यामुळे हा फरक एरवी कोणाच्या लक्षात येत नाही. तो जाणवतो संकष्टीला, कारण त्या दिवशी पोटात भूक असते.

दुसरे कारण तुझ्या गॅलरीसमोरच उभे आहे. दिनदर्शिकेतली वेळ मोकळ्या, सपाट क्षितिजावर चंद्राची कड दिसू लागते त्या क्षणाची असते. आपल्या घरामागच्या रानात अजून प्लॉटिंग झालेले नाही (होईलच, सर्व्हेवाले येऊन गेले आहेत), म्हणून आईला गच्चीवरून तो जवळजवळ वेळेवर दिसतो. तुझ्याकडे तो उगवतो वेळेवरच, पण समोरच्या टॉवरच्या पाठीमागे. तो किती वेळ अडून राहील हे घरबसल्या मोजता येते. हात सरळ ताणून मूठ आडवी धर. एका मुठीची उंची आकाशात ढोबळमानाने दहा अंश भरते. आपल्या अक्षांशावर पूर्वेला उगवलेल्या चंद्राला एक मूठ वर चढायला साधारण पाऊण तास लागतो. टॉवर दोन मुठी उंच असेल तर दिनदर्शिकेतल्या वेळेत दीड तास मिळव आणि तोवर खुशाल आपले काम कर.

आता मूळ गोष्टीकडे येतो. चंद्र रोज वेगळ्या वेळी उगवतो यात लहर कसलीच नाही. तो पृथ्वीभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असल्यामुळे ताऱ्यांच्या तुलनेत रोज सुमारे तेरा अंश पुढे सरकतो, आणि पृथ्वीला स्वतःभोवती एक फेरी पुरी केल्यावर त्याला गाठण्यासाठी आणखी थोडे फिरावे लागते; म्हणून तो सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. सूर्यही त्याच दिशेने रोज अंशभर सरकतो. चंद्राने सूर्याला बारा अंशांनी मागे टाकले की एक तिथी होते आणि अशा तीस तिथींचा महिना साडेएकोणतीस दिवसांत पुरा होतो. तेव्हा तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून किती दूर आहे याचे मापच आहे, आणि ते ठाऊक असले की ॲप न उघडताही चंद्र केव्हा आणि कोणत्या दिशेला असेल हे सांगता येते.

अमावास्येला तो सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबरच मावळतो, म्हणून दिसत नाही. शुद्ध अष्टमीला तो दुपारी बाराच्या सुमारास उगवून मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. त्या दिवशी चार वाजता चहा घेताना पूर्वेकडे पाहिलेस तर भर उन्हात अर्धा चंद्र दिसेल. पौर्णिमेला सूर्य मावळतो आणि चंद्र उगवतो, तो रात्रभर आकाशात राहतो. कोजागरीला तुळजापूरकडे पायी निघालेल्या लोकांना पहाटेपर्यंत रस्ता दिसतो तो यामुळेच. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, आणि म्हणून गोकुळाष्टमीला कृष्णजन्माच्या घटकेला पूर्वेला अर्धा चंद्र नुकता वर येत असतो. पैठणला नाथषष्ठीच्या यात्रेत दिवेलागणीला काळोख असतो आणि चंद्र बऱ्याच उशिरा येतो, कारण ती फाल्गुन वद्य षष्ठी. उलट गणेश चतुर्थी ही शुद्ध चतुर्थी असल्याने चंद्र संध्याकाळीच पश्चिमेला उतरलेला असतो आणि नऊच्या आसपास मावळतो. त्या दिवशी चंद्र पाहू नये म्हणतात. तुमच्या पुण्यात इमारतीच ती काळजी घेतात.

संकष्टी वद्य चतुर्थीची, म्हणजे पौर्णिमेनंतर काही दिवसांनी. म्हणून चंद्रोदय साधारण सव्वाआठ ते दहाच्या दरम्यान असतो. दर महिन्याला वेळ इतकी का हलते, हेही तू विचारले होतेस. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे त्याची गती सारखी नसते, तिथी कधी एकोणीस-वीस तासांत संपते तर कधी सव्वीस तासांपर्यंत लांबते, आणि ती दिवसाच्या कोणत्याही प्रहरी सुरू होऊ शकते. संकष्टी मात्र चंद्रोदयाला चतुर्थी असेल त्याच दिवशी धरतात. शिवाय ऋतूप्रमाणे चंद्राच्या मार्गाचा क्षितिजाशी होणारा कोन बदलतो. आश्विन-कार्तिकात पौर्णिमेनंतरचा चंद्र रोज चाळीसेक मिनिटांनीच उशिरा येतो, तर चैत्राच्या सुमारास हा उशीर पंचावन्न मिनिटांच्या घरात जातो. म्हणून उन्हाळ्यातली संकष्टी उपवास करणाऱ्याला अधिक लांब वाटते, आणि ती असतेही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, त्यामुळे त्याचा मार्गही सूर्याच्या उलट ऋतूचा असतो. वटपौर्णिमेचा चंद्र आग्नेयेकडून उगवतो आणि मध्यरात्रीदेखील दक्षिणेला आकाशाच्या निम्म्या उंचीपर्यंतच चढतो, म्हणून तो तुझ्या दक्षिणेच्या खिडकीतून सरळ आत येईल. मार्गशीर्षातला पूर्ण चंद्र ईशान्येकडून उगवून मध्यरात्री थेट डोक्यावर जातो, बऱ्याचदा डोक्याच्याही किंचित उत्तरेला. तो कोणत्याच खिडकीतून दिसत नाही, त्यासाठी गच्चीवर जावे लागते. गच्चीला कुलूप घालणाऱ्या सोसायट्यांबद्दल माझे मत तुला माहीत आहेच. शहराच्या झगमगाटाने तारे बुजून गेले हे खरे, पण चंद्राला त्या दिव्यांनी काही फरक पडत नाही, त्याला फक्त मोकळी दिशा लागते.

आपल्या गल्लीत रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी सगळे गच्च्यांवर चढून पश्चिमेकडे डोळे लावत, ते तुला आठवत असेल. त्यात कसोटी मोठी असते, कारण अमावास्येनंतर साधारण दिवसभराचा काळ गेल्याशिवाय ती कोर डोळ्यांना सहसा सापडत नाही, आणि सापडली तरी सूर्यास्तानंतर तासाच्या आत मावळते. पश्चिमेकडच्या देशांत सूर्य मावळेपर्यंत चंद्र आणखी थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून अरबस्तानात अनेकदा आपल्या एक दिवस आधी ईद होते. चैत्र शुद्ध द्वितीयेला किंवा तृतीयेला तू हीच कोर पाहा. आपल्या अक्षांशावर त्या दिवसांत ती होडीसारखी जवळजवळ आडवी तरंगते, तर भाऊबीजेच्या सुमारास बरीच कललेली असते. आणि तिच्या पोटातला अंधारा भागही राखाडी दिसतो, कारण पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश त्यावर पडलेला असतो.

उगवतीचा चंद्र मोठा दिसतो असे तू म्हणालीस. तो डोळ्यांचा भ्रम आहे. हात लांब करून पेन्सिलीच्या टोकाने त्याची रुंदी उगवताना आणि तीन तासांनी मोजून बघ, फरक आढळणार नाही. खरे तर क्षितिजावरचा चंद्र डोक्यावरच्या चंद्रापेक्षा पृथ्वीच्या त्रिज्येइतका, म्हणजे सहा हजार किलोमीटरहून अधिक, दूर असतो. तांबूस मात्र तो खरोखरच असतो, कारण त्याचा प्रकाश हवेच्या आणि धुळीच्या जाड थरातून येताना त्यातला निळा भाग वाटेतच विखुरतो.

येळवसेला येणार असशील तर रजेचा अर्ज आताच टाक. ती रानात जाऊन साजरी करायची मार्गशीर्षातली अमावास्या, तेव्हा रानातून परतताना चंद्राचा उजेड मिळणार नाही. मोठी बॅटरी घेऊन ये, घरातली बंद पडली आहे. आईने आंबील आणि भज्जीचे सामान मोजून ठेवले आहे, किती जण येणार ते तिला कळव.

तुझे,
अप्पा