बागेच्या खोडाला नोटीस कोण लावणार? नगरविकासमंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकासमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

पुण्यातल्या आमच्या गल्लीत मध्यंतरी एका कडुलिंबाच्या खोडावर नोटीस डकवली होती: झाड तोडायचे आहे, हरकत असल्यास कळवा. १९७५चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे, म्हणून एका झाडासाठी एवढी विचारपूस. गल्लीच्या टोकाला मुलांची बाग आहे. तिचा एक कोपरा पाण्याच्या टाकीला गेला, दुसरा विरंगुळा केंद्राला. घसरगुंडी होती तिथे आता पेव्हर ब्लॉक आणि चारचाक्या. बागेला खोड नसते, नोटीस कुठे डकवणार?

शहराच्या विकास आराखड्यातले बागेचे आरक्षण म्हणजे बागेला संरक्षण, असा लोकांचा समज आहे. पण १९६६च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्यातले कलम ३७ वापरून आरक्षण बदलता येते. वर्तमानपत्रात बारीक टायपात जाहीर सूचना येते, हरकतींना एक महिना मिळतो. कलम १२७ तर त्याहून सोपे. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही आणि मालकाच्या नोटिशीनंतर २४ महिने प्रशासन स्वस्थ बसले, की आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप संपले. काही न करता बाग घालवण्याची ही सोय!

तामिळनाडूने १९५९ साली आणि कर्नाटकाने १९८५ साली उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागांसाठी वेगळे कायदे केले. बंगळुरूत बागेची जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवले. पण दर वेळी रहिवाशांनी वर्गणी काढून दिल्लीपर्यंत जायचे का?

टेकड्यांचा प्रश्न जास्त अवघड आहे. पुण्यात समाविष्ट झालेल्या २३ गावांतल्या सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर २०१५ साली बीडीपीचे, म्हणजे जैवविविधता उद्यानाचे आरक्षण मंजूर झाले. मोबदला ठरला आठ टक्के टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. एवढ्यावर जमीन कोण देईल? मी टेकडीवर रोज जाणारा माणूस आहे, तरी जमीनमालकाची तक्रार मला खोटी वाटत नाही. भूसंपादनाला पैसा ठेवायचा नाही आणि नकाशावर हिरवा रंग मात्र मारायचा, यातून उतारावर रातोरात पत्र्याच्या शेडच उगवतात.

तेव्हा महाराष्ट्रासाठी असा कायदा आणा: प्रत्येक शहराची उद्याने आणि टेकड्या सर्व्हे नंबरसह यादीत, यादीतली जागा विधिमंडळाच्या संमतीशिवाय हलवता येणार नाही, आणि संपादनाचा निधी अंदाजपत्रकात वेगळा.

आमच्या बागेच्या फाटकावर उद्घाटकांची नावे ठळक अक्षरांत आहेत. सर्व्हे नंबर कुठेच नाही. निदान तेवढा लिहायला सांगा.

आपला,
पुण्याचा एक रहिवासी